पेंडीवर वाढलेला मासा

वटारच्या आमच्या वाडीत मासा जिवंत आला आणि जिवंतच राहिला, असं तोवर कधी घडलं नव्हतं. मासे यायचे ते पाचूबंदरच्या कोळणीच्या पाटीतून, आणि दुपारपर्यंत त्यांचे काटेही मांजराच्या पोटात असायचे. पण आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या बायकोचा थोरला भाऊ मुंबईहून काचेची पेटी घेऊन आला. सोबत पत्र्याच्या डब्यात एक सोनेरी मासा. सारा गाव लोटला. शपथेवर सांगतो, जत्रेतले पाळणेसुद्धा त्या दिवशी रिकामे फिरले असते.

निघताना मेहुणे म्हणाले, "भावजी, होळीला येतो. डबा घेऊनच येतो. मासा धड नसला तर पेटीसकट परत नेईन. तुम्हा वाडीवाल्यांना मासा कळतो तो ताटात."

ही हसली नाही. माहेरचं बोलायला तिला इथे त्या माशाचं तेवढं एक तोंड होतं, आणि तेही उघडायचं नि मिटायचं.

मग मी छाती पुढे काढून कामाला लागलो. आमच्या घरात जिवाला दोनच गोष्टी लागतात: ऊन आणि खत. पेटी अंगणात ठेवली, जिथे मिरचीची रोपं ठेवायचो तिथे, भर उन्हात. आणि माझे वडील रोज केळीला पेंड घालायला निघाले की वाटेत भुईमुगाच्या पेंडीची एक मूठ पेटीतही टाकायचे. "तोही पोरच आहे," म्हणायचे.

पाणी हिरवं झालं. वडील खूश. "बघ, कसा रंग धरलाय." आमच्याकडे हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे रोग, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांचा. मग ते इतकं हिरवं झालं की एक बगळा येऊन काठावर उभा राहिला आणि शेजाऱ्याची म्हैस खुंटा उपटून चरायला आली. फक्त मासा दिसेना.

मी काथ्या घेऊन काचा घासल्या. अर्धं पाणी उपसून नवं भरलं. मासा दिसला, हिने हात जोडले, आणि दोन-चार दिवसांत पुन्हा हिरवा पडदा. पुन्हा घासलं, पुन्हा हिरवं. माझ्या हातांना असा रंग चढला की न्हाव्याने दाढी करताना विचारलं, मेंदी कोणाच्या लग्नाची.

होळी तोंडावर आली. एका दुपारी ही बावखलावर, वाडीतल्या तळ्यावर, कपडे धुवायला गेली आणि पिळे तसेच टाकून धावत आली.

"अहो, बावखलाचं पाणी बघितलंत? उघड्या बाजूला हिरवंगार. आणि चिंचेखाली तळ दिसतो."

मी तिच्याकडे बघितलं. पेटीकडे बघितलं. वर सूर्याकडे बघितलं आणि त्याला एक शिवी दिली.

पेटी उचलून आम्ही माजघराच्या कोपऱ्यात नेली. वडील कासावीस. "अंधारात कोंडून मारता की काय त्याला?"

"बाबा, सावलीत ठेवतोय. आणि पेंड बंद."

"उपाशीही ठेवणार?"

"भाताची चार शितं घालू," ही म्हणाली. वडील तिला कधी उलट बोलत नसत. पेंडीची पाटी मात्र मी माळ्यावर चढवली.

रोज थोडं हिरवं पाणी काढायचं, थोडं विहिरीचं घालायचं. काढलेलं वडील केळीच्या बुंध्याशी ओतायचे. त्या केळीला पुढे असा घड आला की तो उतरवायला बैलगाडी खाली उभी करावी लागली. खोटं वाटेल त्याने येऊन केळीला विचारावं.

होळीच्या सकाळी मेहुणे डबा हलवत दारात आले. "कुठाय, भावजी? खाल्लात ना?"

हिने माजघरात नेलं. पाणी काचेसारखं, आणि मासा काठाशी येऊन तोंड उघडत मिटत होता. चांगला दुप्पट झाला होता, मी तिप्पट म्हणतो. मेहुणे उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"दादा, चहा निवतोय," ही म्हणाली, पण तिचा आवाज नाचत होता.

"एवढा कसा वाढला?"

"पेंडीवर," वडील म्हणाले.

संध्याकाळी मेहुणे निघाले. डबा रिकामा जाणार नव्हता. त्यांच्या चाळीतल्या गुलाबासाठी वडिलांनी तो राखून ठेवलेल्या शेवटच्या हिरव्या पाण्याने काठोकाठ भरून दिला होता.