अण्णांचा आवाज कॉम्प्युटरात होता

पंखा फिरत होता, हिरवी लाईट लागली होती, पण स्क्रीन काळी ती काळीच. मी बंद केलं, परत चालू केलं. आतून लांब पीं वाजायचं, थांबायचं, परत वाजायचं. त्याचा अर्थ काय, ते कुणाच्या बापाला ठाऊक.

एरवी मी तो जुना डबा कधीच भंगारात दिला असता. पण त्याच्यात अण्णांचा आवाज होता. वर्षभरापूर्वी माझ्या वडलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून नुसतं "अं अं" निघतं. नवीन जालन्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या म्हणाल्या, यांचं आधीचं बोलणं रेकॉर्ड केलेलं असलं तर आणा, स्वतःचा आवाज ऐकून माणूस कधीकधी शब्द धरतो. होतं एकच. मोसंबीला ताण किती दिवस द्यायचा, पाणी कधी तोडायचं, हे मला दरवर्षी त्यांनाच विचारावं लागायचं, म्हणून एकदा मी त्यांना मोबाइलसमोर बसवून बोलायला लावलं होतं. तो मोबाइल पुढं विहिरीत गेला. कॉम्प्युटरात उतरवलेलं तेवढं उरलं, आणि बाईंकडं जायचं होतं दुसऱ्याच दिवशी.

मी अंबडच्या मेकॅनिकला फोन लावला. "मॉनिटरची वायर काढून बराबर बसवा," तो म्हणाला. बसवली. शेजाऱ्यांचा मॉनिटर मागून आणला, तोही काळा. परत फोन केला तर लागेचना. दसऱ्याआधी तर चांगला चालू होता, मंग मधल्या मधी झालं काय? खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पुजतो. विळे, पान्हे, फवारणीचा पंप, आणि आता कॉम्प्युटरही. त्या दिवशी हत्याराला काम लावायचं न्हाई, म्हणून पूजेनंतर तो चालूच केला नव्हता. पूजेआधी मात्र मीच डबा उघडून सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवली होती. म्हणजे चूक माझीच का काय? पण साफ केल्यानं कधी कुणाचं बिघडतं? मला काही सुधरेना.

अण्णा बाजूच्या खुर्चीत बसलेले. डाव्या हाताचं बोट कपाळाला लावून "अं अं" करून राह्यले होते. बायको म्हणाली, "अहो, अण्णांचं डोकं दुखून राह्यलं वाटतं," आणि बाम चोळून गेली. त्यांनी बाम पुसून टाकला आणि परत बोट कपाळाला. मला वाटलं, नशिबाला बोल लावून राह्यले. आधीच माझं टाळकं सटकलेलं.

"माहिती आहे मला, फुटकंच आहे नशीब. जरा गप बसा ना, अण्णा."

ज्या माणसाचं बोलणं गेलं त्याला मी गप बसा म्हणालो. ते थोड्या वेळानं काठी टेकत उठले, देवघरापर्यंत गेले, करंड्यात बोट बुडवून आले आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचा ठिपका दिला.

"पूजा झाली ना, अण्णा. किती वेळा करायची?"

त्यांनी मान हलवली. त्याच बोटानं डब्याच्या झाकणावर ठोकलं, एकदा, दोनदा. मी वैतागून झाकण काढलं.

धूळ उडवताना मी आतली रॅमची टीचभर पट्टी काढून पूजेच्या पाटावर ठेवली होती, विळ्यापान्ह्यांच्या शेजारी. पूजेत अण्णांनी डाव्या हातानं पाटावरच्या प्रत्येक हत्याराला कुंकू लावलं होतं. विळ्याला धारेजवळ लावतात, मंग या पट्टीला तिच्या चकाकत्या कडेला. आणि पूजेनंतर मी ती पट्टी चष्म्याविना उचलून तशीच बसवली होती. आता चष्मा लावून काढली, तर कडेच्या सोनेरी दातांवर ओल्या कुंकवाची वाळून खपली झालेली. सकाळपासून अण्णा तेच सांगून राह्यले होते.

मेकॅनिकनं मागं एकदा ते दात खोडरबरानं घासलेले मी पाह्यले होते. तसेच घासले, पट्टी दाबून बसवली, बटण दाबलं. पीं एकदाच वाजलं आणि स्क्रीन उजळली. रेकॉर्डिंग सापडलं. मी लावलं.

"तर ताण म्हणजे पाणी तोडायचं. बिलकुल तोडायचं. जल्दी करायची न्हाई. दिवस मोजू नको, झाडाकडं बघ. झाड सांगतं." अण्णांचा तो भरदार, जरा चिडका आवाज घरभर झाला. बायको दारात येऊन उभी राह्यली. "अरे, तू त्या मोबाइलशी काय खेळून राह्यला? मी काय सांगतो, ऐकून राह्यला ना?"

त्याच्यावर रेकॉर्डिंगमधी माझं उत्तर न्हाई.

अण्णा स्क्रीनकडं बघतच नव्हते. ते माझ्याकडं बघून राह्यले होते.

"ऐकून राह्यलो, अण्णा," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना.