बादलीतला ढेऱ्या

कोणी आजारी मासा घेऊन आलं की आमचा दादा आधी माशाकडे बघायचाच नाही. "पाणी आणलंय का?" एवढंच विचारायचा. टाकीतलं पाणी वेगळ्या बाटलीत आणलेलं नसेल तर माणसाला जिन्यावरूनच परत पाठवायचा. आणलेलं असेल तर बाटली उघडून वास घ्यायचा, उजेडात धरायचा आणि मग समोरच्याची हजेरी घ्यायचा. "फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात ना? अगदी चकाचक? झालं! घाण पचवणारे चांगले जंतूही गेले गटारात. आता मासा नाही मरणार तर काय?" जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. बिघाड आवाजावरून ओळखायची सवय, आणि तो मालकाच्याच चुकीनं झालाय हे ऐकवायचीही.

वहिनीला याचं हसू यायचं. "माणसांशी हे असं बोलतात, म्हणून तर मासे पाळावे लागतात," ती म्हणायची. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात बघायला मिळे. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके असले तर हे औषध, शेपटी कुरतडल्यासारखी दिसली तर ते. औषध घालण्याआधी फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर सगळं औषध तोच पिऊन बसेल. आणि मासा बरा होण्यातला नसला तर दादा तोंडावर सांगायचा, "याला सोडवा आता. तुमच्या हौसेपायी त्याला कशाला कुजवता?" एक शाळेतल्या बाई हे ऐकून रडायलाच लागल्या. दादानं त्यांना हात पुसायचा टॉवेल दिला आणि आत निघून गेला. मला तेव्हा त्याचा मनापासून राग आला होता.

त्याचा एक नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ होता. नवा मासा असो की आजारी, तो आधी बादलीत, एकटा. खात्री पटल्याशिवाय टाकीत प्रवेश नाही. मी त्याला चिडवायचे, "मी राहायला आले तर मलाही आधी बादलीतच ठेवशील तू."

मग वहिनीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत, टाकीसमोर आणला. टाकीत ढेऱ्या होता, पोट सुटलेला जुना सोनेरी मासा. तो इकडून तिकडे गेला की वहिनीचे डोळे त्याच्यामागे जात. तेवढंच काय ते तिचं हिंडणं. दादा तिच्या डोळ्यांकडे बघत बसायचा. "बघितलंस? तिला सगळं कळतंय," असं मला सांगायचा. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यानं सगळी भिस्त त्या माशावर टाकली होती.

आणि ढेऱ्याचंच पोट उतरू लागलं. खायचा, पण अंगी लागेना. मग पाठीला बाक आला, कुशीवर एक जखम उघडली. दादानं त्याला स्वयंपाकघरात बादलीत ठेवलं, औषधं केली. इकडे वहिनीनं तोंड मिटून घेतलं. मी चमचा ओठांना लावला की ती मान फिरवायची. दादा पलंगापासून बादलीपर्यंत नुसता येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्यानं बादली उचलली आणि ढेऱ्याला परत टाकीत सोडलं.

"दादा, जखम तशीच आहे," मी म्हणाले. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण?"

"पोटाचा त्रास आहे त्याला. तू गप्प बस."

संध्याकाळी वहिनीनं चार घास खाल्ले. दादा लहान मुलासारखा खूश झाला. मीही जखमेचा विषय सोडून दिला.

पुढे टाकीतले बाकीचे मासेही सुकू लागले. त्यातला एक सकाळी मेलेला सापडला, तोही उरलेल्यांनी टोचून खाल्लेला. ढेऱ्या आता तळाशी तिरका पडून असायचा. वहिनीनं भिंतीकडे तोंड करायला सुरुवात केली. दादाला वाटलं, तिला तिकडून नीट दिसत नसेल. त्यानं मला हाताशी घेऊन पलंगच फिरवला. मान वळवली तरी टाकी समोरच, असा. तिनं डोळे मिटून घेतले.

टाकीतला दगड हलवताना दादाचं बोट कापलं होतं. तिथे गाठ आली होती, आणि आता तशाच गाठी मनगटावरून कोपराकडे चढत होत्या. मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. हात बघून तिनं विचारलं, "काका, घरी मासे आहेत का?" दादानं मान खाली घातली. गाठीचा तुकडा काढून तपासला; माशांच्या क्षयाचे जंतू निघाले. तुमच्यापासून काकूंना होणार नाही, पण गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील आणि ती टाकी रिकामी करा, असं तिनं सांगितलं.

परतताना तो रस्त्यातच थांबला. "मला ढेऱ्याची पाठ बघितली तेव्हाच कळलं होतं गं," म्हणाला. "दुसऱ्याचा असता तर त्याच दिवशी सोडवा म्हटलं असतं."

मी सुचवलं, दुसरा तसाच मासा आणू. त्यानं ऐकलं नाही. हातमोजे चढवून त्यानं ढेऱ्याला बादलीत घेतलं आणि बादली पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली. "हा बरा होणार नाही," तो वहिनीला म्हणाला. "मी तुला खोटं दाखवत बसलो. आता सोडवतो त्याला." वहिनीनं डोळे उघडले. खूप दिवसांनी तिनं सरळ बघितलं.

कोमट पाण्यात लवंगेचं तेल घुसळून तो थोडं थोडं ओतत गेला. खोलीभर दातांच्या दवाखान्यासारखा वास पसरला. ढेऱ्या कलला, कल्ले हळू हलू लागले, मग थांबले. तरी दादानं आणखी तेल ओतलं आणि वाट बघितली. अर्धवट काम त्यानं कधी केलं नाही.

वहिनीचा डावा हात उठला. मला वाटलं, तिला दादाचा हात धरायचाय. तिनं बादलीच्या काठाला बोट लावलं. मग तोच हात आणून स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि दादाकडे बघत राहिली.

"नाही," दादा म्हणाला. "अगं, नाही. तुझं तसं नाही."

ती बघतच होती. दादानं हातमोजे काढले, मोरीत जाऊन हात धुतले. पाणी कितीतरी वेळ वाहत होतं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात खिमट नि चमचा होता. "एक घास घे," तो म्हणाला. "माझ्यासाठी घे."

तिनं तोंड उघडलं. तिला भूक नव्हती. हे मला दिसत होतं, आणि त्यालाही.