वसुबारसेचं फिनेल

आमच्या गोठ्यातलं शेणमूत बांधाकडच्या खड्ड्यात साचायचं आणि खड्ड्याच्या खालच्या अंगाला मोठ्या जाऊबाईंची विहीर. पाण्याची तपासणी झाली तेव्हा कळलं, शेणामुतातला नायट्रोजन झिरपून विहिरीत उतरलाय. तान्ह्या बाळाला हे पाणी विषच. त्यात जाऊबाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या सासरचे म्हणाले, पाणी सुधारलं तर राहू द्या, नाहीतर आम्ही घेऊन जातो.

मग आम्ही खड्डा बुजवून टाकी बांधली. तिच्यात ब्लोअरनं हवा सोडायची, की हवेवर जगणारे जंतू त्या शेणमुतावर ताव मारतात. मग ब्लोअर बंद ठेवायचा, की दुसरे जंतू कामाला लागतात आणि नायट्रोजन हवेत उडून जातो. उरलेलं पाणी गवताला. आळेफाट्यापासूनचे पावणे येऊन टाकीत वाकून बघून गेले. माझ्या नवऱ्याचा रुबाब तर असा, जणू जंतू त्यानंच जन्माला घातलेत. पण वास गेला आणि पुढच्या तपासणीत विहिरीचं पाणीही जरा सुधारलं. जाऊबाई माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या.

आली वसुबारस. संध्याकाळी गाय-वासराची पूजा, म्हणून सासूबाईंनी सकाळीच गोठा धुतला. नुसत्या पाण्यानं नाही, फिनेलचा आख्खा कॅन ओतून. ते सगळं गटारीतून थेट टाकीत. जंतू बिचारे भरल्या पोटी मेले.

"आत्याबाई, काय केलंत हे?" मी सासूबाईंना विचारलं.

"गाय लक्ष्मी हाय. तिला काय घाणीत ओवाळू व्हय?"

कप्पाळ! ब्लोअर नुसताच फुसफुसत राहिला, टाकी सडली आणि कच्चं शेणपाणी गवतातून विहिरीकडे गेलं. दिवाळीनंतरच्या तपासणीत पाणी पहिल्यापेक्षा वाईट निघालं. पोरीला न्यायला गाडी आली. ती ओट्यावर बसून रडली. मला लई वाईट वाटलं. मी तिची पिशवी उचलून गाडीत नेऊन ठेवली.

पोरगी सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली म्हणून मी बर्फी खायला गेले. जाऊबाईंनी हसून बर्फी दिली, पाठोपाठ पाण्याचा तांब्या. कोपऱ्यात विकतच्या पाण्याचा जार होता, पण हे विहिरीतलं.

"तुमच्याच गोठ्याचं हाय," त्या म्हणाल्या. "पी."

मी तांब्या तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही.