हणमंता बोटीवर गेला तेव्हा

फोन आला तेव्हा मी आरशासमोर दाढी करत होतो. हणमंताचा पुतण्या दत्ता बोलत होता आणि त्याचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "मास्तर, आप्पा गेलं. रानातनं आलं, च्या मागितला, आन् च्या हुईस्तवर..." मी फोन ठेवला आणि उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली. आता लिहिताना हे चमत्कारिक वाटतं, पण झालं ते असं. मग शर्ट बदलून स्टँडवर गेलो आणि विट्यावरून वडूजला जाणारी एस.टी. धरली. खिडकीतून तासगावच्या द्राक्षबागा गेल्या, मग मोकळी माळरानं सुरू झाली. वडूजपासून पुढे आठ किलोमीटरवर हणमंताचं गाव. या वाटेनं मी किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही. या खेपेला समोर तो नसणार, एवढाच फरक होता.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

हणमंता आणि मी वडूजच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या घरची मेंढरं होती. आजा, पणजा सगळे मेंढरांमागे चालत आयुष्य काढलेले. हणमंता त्या घरातला पहिला बूट घालणारा माणूस, असं तो स्वतःच सांगायचा. अकरावीनंतर भरतीत निवडला गेला, तेव्हा त्याच्या बापाने सबंध गावात गूळ वाटला. मी पुढे शिकून सांगलीत हायस्कुलात मास्तर झालो. तो सुभेदार होऊन गावी परतला, कोरडवाहू रानात विहीर पाडली, ज्वारी आणि थोडा कांदा करू लागला. ताठ चालायचा, मोजकं बोलायचा, आणि गावात कुणाचं भांडण झालं की त्याला बोलावणं यायचं. त्याला प्रेमळ म्हणणं खोटं ठरेल. तो नेमका माणूस होता. नऊला येतो म्हणाला की नऊला यायचा, आणि सव्वानऊला येणाऱ्याकडे असं बघायचा की त्या माणसाला पुढच्या खेपेला घड्याळ लावावं लागे.

एकुलता एक मुलगा अमोल. तोही फौजेत जाणार, यावर घरात कधी चर्चाच झाली नाही. पोरगं पळण्यात पास झालं, मेडिकलमध्ये पास झालं, आणि लेखी परीक्षेच्या दिवशी परीक्षेला गेलंच नाही. ते पुण्याला गेलं आणि हॉटेलच्या कोर्सला नाव घालून आलं. दोन वर्षांनी एका मोठ्या प्रवासी बोटीवर, जिला आता सगळे क्रूझ म्हणतात, तिच्या जेवणाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून लागलं. त्या सुमारास गावात एक लग्न होतं. मीही होतो. मांडवात कुणीतरी अमोलचं कौतुक केलं आणि हणमंता सगळ्यांदेखत म्हणाला, "कसलं कौतुक? लोकांची उष्टी ताटं उचलाया गेलाय." अमोल तिथेच उभा होता. संध्याकाळच्या गाडीने गेला आणि त्यानंतर पाच वर्षं बापलेकांत एक शब्द नव्हता. फोन यायचा तो आईला, शालन वहिनींना. हणमंता त्या वेळी उठून गोठ्यात जायचा.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी अमोलनं आईला कळवलं की बोटीवरच्या कामगारांच्या घरच्यांना सवलतीत प्रवास करता येतो. गोव्यात मुरगावला बोटीत बसायचं, दोन रात्री समुद्रात काढून मुंबईला उतरायचं. त्याने आईबापाची दोघांची नावं दिली होती. बाप येणार नाही हे त्याने धरूनच ठेवलेलं. हणमंताही नाहीच म्हणाला. आणि मग एका सकाळी वहिनींचा मला फोन आला. "भावजी, ह्यास्नी जायाचं हाय. तोंडानं म्हणत न्हाईत, पर बुटाला पालिश केलंय." मी म्हणालो, मग तुम्ही दोघं जा. त्यावर त्या बाई जे बोलल्या ते मला त्या घरातलं सगळ्यांत शहाणं बोलणं वाटतं. "मी गेले तर दोघंबी माझ्याशी बोलतील, एकमेकांशी न्हाई. माझ्या जागी तुमी जावा."

म्हणून मी गेलो. माझं नाव काका म्हणून लागलं.

मिरजेहून पहाटेची गाडी होती. हणमंता आदल्या दिवशी सांगलीला येऊन राहिला होता. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, खांद्याला फौजेतली हिरवी पिशवी. बेळगावपर्यंत तो पेपर वाचत होता. लोंढा गेलं आणि दोन्ही बाजूंनी जंगल जवळ सरकलं, तसा त्याने पेपर घडी करून ठेवला. पाऊस संपून महिना झालेला, झाडं अजून ओली दिसत होती. शेत नाही, घर नाही, विजेचा खांबसुद्धा दिसेना. आमच्या कोरडवाहू खटाव तालुक्यातल्या माणसाला हिरवं म्हणजे विहिरीभोवतीचं दोन गुंठे. इथे मैलामागून मैल तेच चाललेलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आसाममदी बघितलं हुतं असलं. आपल्या एवढ्या जवळ हाय व्हय रं हे?"

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली. घाट उतरण्याआधी तिथे जादा इंजिनं जोडतात. हणमंता खाली उतरला आणि गाडीच्या शेपटापर्यंत चालत गेला. तिथल्या एका रेल्वेच्या माणसाशी हिंदीत बोलताना दिसला. परत येऊन मला म्हणाला, "मागनं इंजनं लावत्यात. ढकलायला न्हाई, धरून ठिवायला. न्हाईतर गाडी उतारानं सुटंल." ही माहिती मिळाल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग गाडी चालू लागली, माणसाच्या पायी चालीने. बोगद्यामागून बोगदे. बोगद्यांच्या भिंतींवरून पाणी गळत होतं, आत शेवाळाचा गार वास येत होता. बाहेर आलं की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली नुसती झाडांची टोकं. दूधसागर आला तेव्हा सगळा डबा मोबाइल घेऊन दाराकडे धावला. धबधबा इतका जवळून जातो की तुषार आत आले, माझा चष्मा ओला झाला. हणमंता जागचा हलला नाही. खिडकीतून त्याने ते पांढरं पाणी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, आणि पूल संपल्यावर, लोक अजून दारातच असताना, माझ्याकडे न बघता म्हणाला,

"मास्तर, मी टेबलावर वाढलंय."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पळताना त्याचा पाय मोडला होता. पाय सांधला, पण लगेच पळता येईना, म्हणून सात महिने त्याला साहेबांच्या मेसमध्ये हलकी ड्युटी दिली. पांढरे हातमोजे घालून वाढायचं, ताटं उचलायची. एका म्हाताऱ्या हवालदाराने त्याला सगळं शिकवलं. गावाकडच्या पत्रात मात्र त्याने लिहिलं की मी बॉर्डरवर आहे. "बा सगळ्या गावाला सांगत हुता, माझा हणमंता बंदूक घिऊन हुबा हाय. आन् मी हुबा हुतो... पर सूपाचं भांडं घिऊन." वहिनींनाही हे ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांच्या मैत्रीत मलाही नाही.

मी विचारलं, "मग लग्नात पोराला असं का बोललास?"

"म्हणूनच बोललो," तो म्हणाला. आणि घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

मुरगावच्या बंदरात बोट पाहिली तेव्हा ती बोट आहे हे मला क्षणभर पटेना. सांगलीत एवढी मोठी इमारत नाही. हणमंताने मजले मोजले, अकरा भरले. तपासणीच्या रांगेत वहिनींनी अमोलसाठी दिलेला लाडवांचा डबा बाजूला काढला गेला. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणाले. मी हुज्जत घालायच्या तयारीत होतो. हणमंता म्हणाला, "नियम हाय त्यो." त्याने डबा उघडून सामान वाहणाऱ्या माणसांना एकेक लाडू दिला, एक मला दिला, शेवटचा स्वतः खाल्ला आणि रिकामा डबा पिशवीत टाकला.

जेवणाच्या हॉलमध्ये आमचं टेबल ठरलेलं होतं. आम्ही बसलो आणि पाचच मिनिटांत अमोल रोट्यांचं तबक घेऊन आला. काळं जाकीट, छातीवर नावाची पट्टी. बुकिंग झालं तरी बाप ऐन वेळी येणार नाही असंच त्याला वाटत होतं, हे त्याने मला पुढे सांगितलं. तो दोन पावलांवर थांबला. मग नेहमीच्या सवयीने, सगळ्यांना म्हणतात तसं, "गुड इव्हनिंग, सर," म्हणाला, आणि तबक बापाच्या उजव्या बाजूने पुढे केलं. हणमंताने तबकाकडे पाहिलं.

"डाव्या बाजूनं," तो म्हणाला.

अमोलने तबक मागे घेतलं.

"वाढताना डावीकडनं. ताट उचलताना उजवीकडनं. शिकवलं न्हाई तुला?"

"शिकवलंय... चुकलं आप्पा." अमोल दुसऱ्या बाजूला गेला. रोटी वाढली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तुमास्नी कसं म्हाईत?"

"बस. सांगतो."

"ड्युटीवर बसता येत न्हाई."

माझ्या मते त्या दोघांत काही झालं असेल तर ते या एका वाक्याने झालं. हणमंताने मान हलवली, जशी तो बरोबर उत्तर देणाऱ्या जवानाकडे बघून हलवत असेल. "बराबर हाय," तो म्हणाला. "ड्युटी कवा सुटती?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अमोलला दोन तास मोकळे होते. प्रवाशांच्या खुर्च्यांवर कामगारांनी बसायचं नाही असा तिथला रिवाज. म्हणून हणमंताही बसला नाही. दोघं कठड्याला धरून उभे राहिले, पूर्ण दोन तास. मी लांब सावलीत बसलो होतो. वारा उलटा होता, एक शब्द माझ्यापर्यंत आला नाही. एकदा हणमंताने पायाची नडगी दाखवलेली दिसली, आणि एकदा दोघं हसले. समुद्राकडे दोघांपैकी कुणीही फारसं पाहिलं नाही. पाचला अमोल घड्याळ बघून निघाला, तेव्हा हणमंताने त्याच्या जाकिटाची कॉलर नीट केली. एवढंच. मिठी वगैरे काही नाही, त्या घरात ती पद्धत नाही.

गावी परतल्यावर त्याने पहिल्या आठवड्यातच पारावर सगळ्यांना मेसमधल्या सात महिन्यांचं सांगून टाकलं. लोक हसले, थोडे दिवस त्याला 'वाढपी सुभेदार' म्हणाले, मग विसरले. त्याचा बाप मात्र हे ऐकायला हयात नव्हता, आणि त्याचं त्याला बरं वाटलं की वाईट, हे मी विचारलं नाही. अमोलचा मेसेज आता त्याच्या फोनवर यायचा. रोज एकच प्रश्न जायचा, आज कुठं हाय? उत्तर आलं की हणमंता सोप्यातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलने गाव लिहायचा. कोची. कोलंबो. बोट चालती असली की नुसतं, समुद्र.

या उन्हाळ्यात शेवटचा भेटलो तेव्हा चहा पिताना तो वहिनींदेखत सहज म्हणाला, "मास्तर, मी गेलो आन् पोरगं ड्युटीवर असलं, तर त्याच्यासाठी थांबू नका. त्याला तिथनं सुटता येत न्हाई." मी विषय बदलला.

तो गेला त्या दिवशी अमोलची बोट दोन दिवस किनाऱ्याला लागणार नव्हती. भावकीतली माणसं म्हणत होती, एकुलता पोरगा, त्याच्याशिवाय उचलायचं नाही. बर्फ आणायचं ठरत होतं. वहिनी आतून बाहेर आल्या. त्या तोवर रडल्या नव्हत्या. "त्यांनी सांगून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "थांबायचं न्हाई." कुणीतरी विचारलं, याला साक्षीदार कोण? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. दत्ताने अग्नी दिला. अमोल पाचव्या दिवशी पोहोचला. तो मला दोष देईल अशी मला धास्ती होती. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारलं, "आप्पा सोता म्हणालं व्हतं?" मी म्हणालो, स्वतः. तो ओट्यावरून उठला आणि आत जाऊन आईला म्हणाला, जेवायला वाढ.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो होतो. अमोल कामावर परतला होता. सोप्यात हणमंताची खाट तशीच, वर कॅलेंडर. तो गेला त्या तारखेच्या चौकटीत त्याच्या ठसठशीत अक्षरात 'समुद्र' आहे. रानात जायच्या आधी लिहिलेलं असणार. पुढच्या चार चौकटी कोऱ्या. त्यानंतर अक्षर बदलतं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं, चौकटीबाहेर जाणारं, दाबून लिहिलेलं: घरी. घरी. घरी... सलग अठरा दिवस.

मी वाचत उभा होतो तेवढ्यात वहिनी फोन आणि पेन्सिल घेऊन आल्या.

"भावजी, कोलंबोतल्या ल वर टिंब द्यायचं का?"

"द्यायचं, वहिनी."

त्या स्टुलावर चढल्या आणि लिहू लागल्या.