हळूकाका आणि सहावी अट

शाळेच्या आवारातली संगणकांची खोली ज्या शिपायांच्या ताब्यात होती, त्यांना सगळे हळूकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. दिवसातून शंभर वेळा त्यांच्या तोंडी एकच शब्द असे. मूल धावत आलं, हळू. खुर्ची ओढली, हळू. कीबोर्डला बोट लावलं, हळू. कोणी शिंकलं तरी हळू.

एकोणीस वर्षं त्यांनी ती खोली डोळ्यांत तेल घालून सांभाळली. बूट दाराबाहेर, जोडीजोडीने, टाचा भिंतीला लावून. आत सव्वीस टेबलं, सव्वीस संगणक आणि प्रत्येकावर निळ्या कापडाची खोळ. रोज सव्वाआठच्या ठोक्याला ते हजर होत आणि दाराशेजारचा मेन स्विच वर करत. शाळा सुटली की तो खाली. मधला सगळा वेळ ते उंबऱ्यात उभे राहून बुटांवर आणि बोटांवर नजर ठेवत. पाहुणे आले की मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, ती खोली मुद्दाम दाखवत. एवढे जुने संगणक असे नव्यासारखे कसे राहिले, याचं पाहुण्यांना नवल वाटे. वापर कमी, हे उत्तर कोणी देत नसे.

मग एका सुट्टीच्या दिवशी मुख्य इमारतीतल्या आठवीच्या वर्गात छताचा गिलावा कोसळला. इजा कोणाला झाली नाही, पण इंजिनीअरने इमारत तीन महिन्यांसाठी बंद केली. मधल्या वर्गांना शेजारचं सभागृह मिळालं. पहिलीच्या चाळीस मुलांना संगणकांची खोली द्यायचं ठरलं, कारण ती आवारात वेगळी होती आणि तिचं छप्पर पत्र्याचं होतं. आठवीने घरी बसून संगणकावर शिकायचं. आठवीत मुलं सव्वीस, संगणक सव्वीस. शाळेच्या इतिहासात इतकी जुळणी पूर्वी झाली नव्हती.

संगणक घरी द्यायचे तर सुरक्षितपणे द्यायला हवेत, म्हणून कार्यालयाने एक फॉर्म तयार केला. त्यात सहा अटी होत्या. टेबल पक्कं हवं. पाणी आणि शेगडी चार हात लांब हवी. प्लग सैल नको. संगणकाचा पडदा घरातल्या माणसांना येता-जाता दिसेल असा हवा. शाळेने ठरवून दिलेल्या पानांखेरीज दुसरं काही उघडायचं नाही, याची हमी हवी. आणि सहावी अट: सकाळी आठला धडा सुरू होताना घरात असलेल्या एका तरी प्रौढ व्यक्तीला संगणक सुरू आणि बंद करता आला पाहिजे. ही अट कोणाच्या डोक्यातून निघाली, हे पुढे बरेच दिवस कार्यालयात कोणी कोणाला विचारलं नाही.

घरं पाहून यायला मास्तर मंडळींपैकी कोणी तयार नव्हतं. हळूकाका आपणहून पुढे आले.

"बाई, मी जातो. माझ्या हातचं सामान आहे. कुठल्या घरात जातंय ते मला बघू दे."

"बघा, पण पुढच्या सोमवारी धडे सुरू व्हायचेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "आज सोमवारच आहे. गुरुवारी मला सगळे फॉर्म हवेत."

"हळू, बाई. होईल."

ते निघाले. हातात फॉर्मचा गठ्ठा, खिशात टेबलाची उंची मोजायची पट्टी. प्रत्येक दारात ते आपल्या चपला काढून टाचा भिंतीला लावत, आणि मग घर नापास करायला आत शिरत.

पहिल्या पाच अटींत लोक कसेबसे निभावत. सहावीशी आले की काका पेन उघडत आणि विचारत, "संगणक चालू-बंद करता येतो का?" प्रत्यक्ष दाखवायला त्यांच्याजवळ संगणक नव्हता, म्हणून जे उत्तर येई तेच ते लिहीत. गॅरेजवाला गाडीखालूनच ओरडला, "अख्खं इंजिन खोलतो मी, ते काय चालू होत नाही होय?" काकांनी लिहिलं, होय. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, "हा काय प्रश्न झाला?" तेही होय.

इस्त्रीवाल्या बाईंचं घर म्हणजे दुकानामागची एक खोली. त्यांनी इस्त्रीचं टेबल पुसून मोकळं केलं होतं, माठ दाराबाहेर नेला होता आणि मुलाला आंघोळ घालून उभं केलं होतं.

"चालू-बंद करता येतो का?"

"नाही येत, काका. पण एकदा दाखवलंत तर येईल. इस्त्रीचं पण मला कुठे आईच्या पोटातून येत होतं?"

"इथे 'येईल' असा रकाना नाही. 'येतो' आहे."

"मग तुम्हीच दाखवा ना आत्ता. तुमचा तर एकोणीस वर्षांचा हात."

"दाखवायला संगणक लागतो," काका म्हणाले, "आणि तो फॉर्म पास झाल्यावर मिळतो."

त्यांनी लिहिलं, नाही. बाई फॉर्मकडे बघत राहिल्या. मुलगा आईकडे बघत राहिला. काकांनी चपला घातल्या.

बुधवारपर्यंत पंचवीस घरं झाली. नऊ पास, सोळा नापास. जे बेधडक हो म्हणाले ते पास, ज्यांनी खरं सांगितलं ते नापास. हे काकांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना वाटलं, शिस्त म्हणजे शिस्त.

सव्विसावं घर त्यांचं स्वतःचं होतं. नात आठवीत. मुलगा आणि सून सकाळी सहालाच कामाला बाहेर पडत, त्यामुळे धड्याच्या वेळी घरात आजी-आजोबाच. नातीला गणितात जरा मागे पडल्याची बोच होती, आणि तीन महिने घरी बसलो तर नववीत काय होणार, या धास्तीने तिने आठवडाभर आधीच कोपऱ्यातलं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडीही सारली होती, डुगडुगू नये म्हणून.

काका स्वतःच्या दारात आले, चपला काढल्या आणि फॉर्म उघडला.

"कुटुंबात किती माणसं?"

"अहो, मोजायची गरज आहे का?" बायको म्हणाली. "पाचातले एक तुम्हीच."

त्यांनी टेबल मोजलं. प्लग हलवून पाहिला. पडदा कुठे येईल ते दारातून वाकून पाहिलं. पाच अटी झाल्या.

"प्रौढ व्यक्तीला संगणक चालू-बंद करता येतो का?"

"मी नाही बाई त्याला हात लावणार," बायको म्हणाली. "तुम्ही लिहा की तुमचं. रोजचंच काम तुमचं."

काकांनी पेन टेकवलं. तेवढ्यात नातीने सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही कसा चालू करता?"

"मेन स्विच वर करायचा."

"आणि मग?"

"मग तुमच्या संगणकाच्या बाई सांगतात मुलांना."

"काय सांगतात?"

बाई काय सांगतात ते काकांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या वेळी ते बूट बघत असत. खोळी काढणं आणि घालणं, पडदे पुसणं, वायरी गुंडाळणं, या सगळ्यात संगणकाच्या डब्यावरचं बटण नेमकं कुठल्या बाजूला असतं हेसुद्धा त्यांना छातीठोक सांगता येईना. पुसताना त्यावरून फडकं फार हळू जात असे.

"मला येतो ना चालू करता," नात म्हणाली. "पाचवीतच शिकवलंय आम्हाला. बंदही करता येतो."

"तू प्रौढ नाहीस."

"मग हो लिहा आणि टाका," बायको म्हणाली. "कोण येतंय बघायला? आणि बघायला येणारे तुम्हीच तर आहात."

हे खरं होतं. नात टेबलाजवळ उभी होती, एक हात टेबलावर ठेवून. शेवटी काकांनी लिहिलं, नाही. खाली सही केली आणि फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवला. टेबलाखालची पुठ्ठ्याची घडी नातीने काढली नाही, एवढंच.

गुरुवारी मोठ्या बाईंनी गठ्ठा चाळला.

"सतरा घरं नापास?"

"होय बाई."

"आणि हे शेवटचं? हा पत्ता तर तुमचा."

"होय बाई."

"अहो, तुम्ही आहात की घरात."

"मला येत नाही, बाई." मग ते म्हणाले, "मेन स्विच येतो."

कार्यालयात सगळ्यांनाच अचानक कागद महत्त्वाचे वाटू लागले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "शनिवारी दुपारी खोली उघडा. सव्वीस घरांतून एकेक माणूस बोलवा. पास झालेलेही. संगणकाच्या बाई शिकवतील. जो चालू करून बंद करून दाखवेल, त्याच्या घरी रविवारी हातगाडी जाईल. आणि काका, तुम्ही दारात उभं राहायचं नाही. आत बसायचं."

शनिवारी सव्वीस जोड भिंतीला लागले. त्यात एक जोड काकांच्या चपलांचा. एकोणीस वर्षांत ते तिथल्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसले, तेही कडेला, पुसून. शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीवाल्या बाई होत्या.

आधी संगणकाच्या बाईंनी पास झालेल्या नऊ जणांना करून दाखवायला सांगितलं. पाच जणांना बटण सापडलं नाही. गॅरेजवाल्याने डबा उलटा करायला घेतला, तेव्हा काका सवयीने अर्धे उठले आणि परत बसले.

इस्त्रीवाल्या बाईंचा संगणक पहिल्याच खेपेला सुरू झाला. बंद करताना त्यांनी क्षणभर मागे प्लगकडे पाहिलं, मग संगणकाच्या बाईंनी दाखवलं तसं नीट बंद केला.

काकांची पाळी आली. बटण सापडलं. त्यावर त्यांनी तर्जनी टेकवली, पिकलेलं गळू दाबावं तशी. काही झालं नाही. पुन्हा टेकवली. पडदा काळाच. सोमवार परवावर होता.

"काका," इस्त्रीवाल्या बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "हळू नको. जोर लावा."

"मोडलं तर?"

"बटण आहे ते. दाबायलाच दिलंय."

काकांनी श्वास घेतला आणि दाबलं. आत पंखा घुरघुरला, पडदा उजळला. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. काकांनी वळून "हळू" म्हटलं, पण आवाजात दम नव्हता.

संध्याकाळपर्यंत सव्वीसही घरं पास झाली. इस्त्रीवाल्या बाईंच्या फॉर्मवरचं "नाही" काकांनी स्वतः खोडलं, एका सरळ रेषेने, शेजारी सही करून. स्वतःच्या फॉर्मवरचं खोडायला मात्र त्यांनी पेन मोठ्या बाईंच्या हातात दिलं. रविवारी दिवसभर हातगाडी फिरली. काका प्रत्येक फेरीला बरोबर चालले, त्यामुळे शेवटचा संगणक त्यांच्या घरी पोचायला दिवेलागण झाली.

सोमवारी सव्वाआठ झाले, साडेआठ झाले, तरी काका शाळेत नव्हते. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. पहिलीची चाळीस मुलं बुटांसकट संगणकांच्या खोलीत शिरली आणि रिकाम्या टेबलांखाली घर-घर खेळू लागली. आठ-पस्तीसला काका आले. दारातून आतली धूळ पाहिली आणि 'हळू' न म्हणता कार्यालयात उशिराची वही मागितली.

कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: संगणक सुरू करत होतो.

नातीला तो सुरू करता येत होता. पण ती सव्वासातपासून टेबलाशी बसून होती, आणि आजोबांचं बोट नीट दाबेपर्यंत तिने बटणाला हात लावला नव्हता.