तराफ्यापर्यंत

गल्लीभर त्यांना शिलाईकाकूच म्हणत. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी पोहायला शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आता हे काय नवीन खूळ?" काकूंनी काजं करायला घेतलेला सदरा तेवढा पुढे ओढला.

खूळ काही आजचं नव्हतं. सव्वीस वर्षं दर रविवारी नवरा तळ्यात पोहायचा, मध्यावर नांगरून ठेवलेल्या लाकडी तराफ्यावर चढायचा आणि हात हलवून हाक मारायचा, "अगं, ये की!"

"पुढच्या वर्षी!" काकू काठावरून ओरडायच्या. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि ते राहूनच गेलं.

तीन महिन्यांत हातपाय पाण्याला सरावले. मग शिकवणाऱ्या बाईंनी रोखठोक सांगितलं, "पोहता येणं वेगळं, दम टिकणं वेगळं. टँकमध्ये चार फेऱ्या मारायच्या, भिंतीला हात न लावता. मग दोन मिनिटं उताणं तरंगायचं. जमलं तर तळ्यात नेईन, नाहीतर नाही."

पहिल्या दिवशी काकू मागे कुत्रं लागल्यासारख्या सुटल्या. तिसऱ्या फेरीत दम उखडला, आणि कठड्याला लोंबकळत त्या खोकू लागल्या.

"एवढी घाई कसली?"

"कुणीतरी वाट बघतंय असं वाटतं," काकू बोलून गेल्या आणि उगाचच गॉगल पुसू लागल्या.

बाई काठावर टेकल्या. "मशीनवर सुरुवातीलाच पायडल दणादण मारलं तर काय होतं?"

"दोरा तुटतो."

"मग? श्वास पाण्यात सोडा. सावकाश."

सहाव्या खेपेला चार फेऱ्या झाल्या. बाई श्वास मोजत काठाने चालत होत्या. शेवटपर्यंत काकूंचा श्वास एकसारखा चालत होता. काकू तरंगत असताना त्यांनी मुद्दाम विचारलं, "नातवंडं किती?" काकूंनी धाप न लागता दोघांची नावं सांगितली, वर धाकटीच्या खोड्याही.

"झालं," बाई हसल्या. "रविवारी या."

तळ्यात बाई शेजारूनच पोहल्या. तराफ्याच्या फळ्या उन्हाने तापल्या होत्या. काकूंनी वर चढून काठाकडे पाहिलं. माणसं मुंगीएवढी दिसत होती, चेहरा एकाचाही ओळखू येईना. म्हणजे त्यालाही आपला चेहरा इथून कधी दिसला नसणार. तरी हात हलवत राहायचा.

"परतायचा दम आहे ना?"

"आहे. पण जरा बसू द्या."

बाई पाठ फिरवून बसल्या. काकूंनी शेजारच्या रिकाम्या फळीवर तळहात टेकला, आणि केस वाळेपर्यंत काही उचलला नाही.