आठवीतले बुवा

मी तेव्हा लालबागच्या एका शाळेत गाणं शिकवायची, आणि शिकवण्यापेक्षा जास्त ओरडायची. खोटं कशाला बोलू? पेटीवर सूर मी द्यायची, ताल मी धरायची, कोण कुठल्या रांगेत ते मी ठरवायची आणि कुणाचा सूर घसरला की टेबलावर डस्टर आपटून तालीमही मीच थांबवायची. पोरं मला पाठीमागे 'भोंगा' म्हणत. गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं, खरे भोंगे गप्प होते, आणि "आपला एकच चालू आहे रे!" असं पोरांना जिन्यात खिदळताना मी स्वतः ऐकलंय.

तोही बंद पडला. समूहगीताची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली आणि माझा आवाज पार बसला. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं नि म्हणाले, "एकवीस दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही." मी काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मला! वर्गात मी पोरांना करते तस्सं!

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सरळ सांगून टाकलं, "स्पर्धेतून नाव काढून घेऊ. नाहीतरी निम्मी मुलं गावाला गेलीत." ते खरंच होतं. संपामुळे बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कोकणात परतत होती. चाळीस जणांतले बावीस उरले होते. मी मान डोलावली आणि बाहेर आले, तर दाराशी आठवीतली एक मुलगी उभी. सगळं ऐकलेलं.

"बाई, नाव नका ना काढू," ती म्हणाली. "परीक्षा झाली की आम्ही पण चाललो गावाला, कायमचे. मला एकदा तरी स्टेजवर गायचंय. तालीम मी घेते."

तिचे वडील गिरणी कामगार, संपात घरी बसलेले, पण चाळीच्या भजनात पुढे बसून गाणारे बुवा. म्हणून वर्गातली पोरं हिलाच 'बुवा' म्हणून चिडवायची. आवाज मोकळा, रांगडा. मी तिला कायम शेवटच्या रांगेत टाकलेलं. आता मात्र दुसरं होतं कोण? बोलणं बंद म्हणून सोबत ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'जमेल?'

"तुम्ही बसा तर खरं," ती म्हणाली. आगाऊ कुठली! पण रागवायला आवाज होता कुठे? मी परत आत गेले आणि मोठ्या बाईंपुढे पाटी धरली, 'नाव राहू द्या.'

पहिल्याच दिवशी तिने माझी पेटी बंद केली, रांगा मोडल्या आणि सगळ्यांना जमिनीवर गोल बसवलं. मग गाण्याची एक ओळ एकटीने म्हटली आणि बाकीच्यांनी ती उचलून परत म्हटली. पुढची ओळ, परत तसंच. मी ताडकन उठून पाटीवर लिहिलं, 'हे भजन नाही!' त्या उद्गारचिन्हात खडू मोडला. तिने वाचलं, "हो बाई" म्हणाली आणि पुढची ओळ घेतली.

पण गंमत बघा. ही सगळी चाळीतली पोरं. बुवांनी म्हणायचं, मागच्यांनी उचलायचं, हे त्यांच्या अंगातच होतं. ज्या दोघांना मी 'नुसते ओठ हलवा' असं सांगून ठेवलं होतं, ते चक्क गायला लागले. ती रोज नवीन कुणालातरी पुढे बसवायची आणि म्हणायची, "आज तू बुवा." त्यात त्या ओठ हलवणाऱ्यांचाही नंबर लागला. कुणी चुकलं तरी ती थांबवायची नाही. मी पाटीवर विचारलं, 'चूक दुरुस्त कधी करणार?' तर म्हणे, "बाबा सांगतात, चुकलां तरी थांबूचा नाय. थांबलं की मागचे घाबरतात, बाई."

दहाव्या दिवशी मी पाटी खाली ठेवली आणि नुसती ऐकत बसले. इतकी वर्षं त्या पोरांवर माझाच आवाज चढलेला असायचा, त्यांचा मी कधी ऐकलाच नव्हता. मला लाज वाटली. आणि आनंद म्हणाल तर इतका झाला, की घरी जाताना दुकानातून बावीस जणांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या घेतल्या.

शेवटच्या आठवड्यात मात्र मी पाटीवर ठणकावलं, 'स्पर्धेत सगळे एकत्र. तू फक्त सूर द्यायचा.' तसंही त्यांनी छान बसवलं.

स्पर्धा ठाकूरद्वारजवळच्या एका हॉलमध्ये होती. त्याच सकाळी डॉक्टर म्हणाले, "बोला आता, पण ओरडू नका." मी कुणालाच सांगितलं नाही. पहिलं वाक्य पोरांसाठी जपून ठेवलं होतं.

पडदा उघडला. समोर भरलेला हॉल बघून आमच्या बुवा बावरल्या. नुसता सूर द्यायच्या ऐवजी तिने अख्खी पहिली ओळ एकटीनेच म्हटली. झालं! मागचे सवयीने थांबले आणि ओळ संपल्यावर त्यांनी ती झकास उचलली. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं. तिने वळून विंगेत माझ्याकडे बघितलं, चेहरा पांढराफटक.

माझ्या घशात आवाज होता. 'एकत्र!' एवढं म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं असतं. शब्द अगदी ओठांवर आला आणि मी तो गिळला. तिने श्वास घेतला आणि दुसरी ओळ एकटीने घेतली. मागच्या एकवीस जणांनी ती उचलली. शेवटच्या कडव्याला तिने लय वाढवली, टाळ्या सुरू केल्या, आणि हॉलमधले लोकसुद्धा टाळ्यांनी ताल धरायला लागले. वेळ संपल्याची घंटा वाजली, तरी आमची पोरं थांबली नाहीत. थांबूचा नाय म्हणजे नायच.

बक्षीस मिळालं नाही, हे सांगूनच टाकते. परीक्षकांनी शेरा मारला की गाणं वेळेत संपलं नाही.

खाली उतरल्यावर ती थेट माझ्याकडे आली. डोळे भरलेले. "बाई, मी वाट लावली ना?" असं म्हणत तिने सवयीने पाटी आणि खडू पुढे केला. मी पाटी घेतली आणि काखेत ठेवली.

"बुवा," मी म्हटलं, आवाज घोगराच होता, "उद्या मी मागच्या रांगेत बसते. मलाही शिकवा."

तिने पालथ्या हाताने डोळे पुसले. आणि मागून कुणीतरी बोंब ठोकली, "अरे, भोंगा सुरू झाला!"